उताणा गेंडा

१

बोल्टला पाना लावायची वेळच आली नाही. तपासनीस बाईंनी तो नुसता दोन बोटांत धरला आणि तो बाटलीच्या बुचासारखा गरगर फिरून हातात आला. दुसराही तसाच, तिसराही.

ट्रक घरामागच्या आवारात मागून उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवला होता. उंच केलेला, जाड नक्षीच्या टायरांचा, डोंगरातल्या वाटांवर चालणारा. केबिनची एक बाजू आत चेपली होती आणि त्या बाजूच्या सीटकडे कुणी पाहत नव्हतं. या ट्रकमधून धाकटा डोंगरावरच्या मोबाइल मनोऱ्यांना सामान पोचवायचा. उतारावर मागची चाकं एकाएकी जाम झाली, ट्रक आडवा घसरत गेला आणि ओढ्यात कुशीवर पडला. धाकटा जागीच गेला.

मागच्या एक्सलच्या मधोमध दातेरी चाकांचा जो गोळा असतो, तो डिफरन्शियल. त्याच्या तोंडावर झाकण असतं आणि आत गिअर ऑइल. ट्रक आवारात आणल्यावर दुसऱ्या दिवशी हवालदारानं तेलाच्या भोकात बोट घातलं, तर ते कोरडं निघालं. बोल्ट ढिले, तेल गायब. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला: झाकण बसवणाऱ्यानं बोल्ट आवळलेच नाहीत, तेल गळून गेलं, एक्सल जळून जाम झाला. आणि झाकण बसवलं होतं धाकट्याच्या सख्ख्या थोरल्या भावानं. याच आवारात त्याचं गॅरेज होतं.

आता वाहतूक खात्याच्या या बाईंनी अहवालावर सही केली की थोरल्यावर निष्काळजीपणानं जीव घेतल्याचा खटला उभा राहणार होता. गॅरेजला टाळं लागलं असतं ते वेगळंच. पण त्याहून वाईट गोष्ट आधीच झालेली होती. तो स्वतःच स्वतःला भावाचा खुनी मानायला लागला होता.

"लिहून टाका, बाई," कट्ट्यावर बसलेले आप्पा म्हणाले. दोघा भावांचे ते वडील. सारी हयात ट्रक चालवण्यात गेलेली, आता हात थरथरत होते. "चूक झाली पोराकडून. मुद्दाम का कुणी करतं? मी त्याला माफ केलंय."

थोरला मान खाली घालून उभा होता. बापानं असं चारचौघांत माफ केल्यावर माणसानं तोंड उघडायचं तरी कसं?

बाईंना घाईघाईनं माफ करणारी माणसं आवडत नसत. त्या ट्रकखाली शिरल्या, उताण्या पडल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा चष्म्यावर बारीक धूळ बसली होती.

"गिअर ऑइल चालत्या गाडीतून गळलं, तर मागे कुठे उडतं?" त्यांनी थोरल्याला विचारलं.

"सगळीकडे. स्टेपनीवर, सायलेन्सरवर, बंपरवर. धूळ चिकटून चिखल होतो."

"मग स्वतः खाली जाऊन बघा. सगळं कोरडं आहे. तेल वाटेत गळलेलंच नाही."

२

झाकण खाली उतरवलं. सहसा अशा झाकणाकडे कुणी पाहत नाही, पण हे पाहावं असं होतं. कंपनीच्या पातळ पत्र्याच्या जागी बाजारातून आणलेलं, जाड ओतीव लोखंडाचं, दगडावर आपटलं तरी न चेपणारं. बाहेरच्या बाजूला बनवणाऱ्याचं चिन्ह उठवलेलं: एक गेंडा. आत्ता उतरवताना गेंड्याचे पाय आभाळाकडे होते.

"असाच बसवायचा असतो," थोरला म्हणाला. त्याचा आवाज मुळातच बारीक, आता तर आणखी आत गेला होता. "झाकण एकच, पण पुढच्या एक्सललाही चालतं आणि मागच्यालाही. पुढे गेंडा उभा बसवायचा, मागे उताणा. मागच्याला तेल जास्त लागतं, म्हणून झाकणातलं तेल भरायचं भोक वरच्या अंगाला यायला हवं. गेंडा उताणा केला की ते वर येतं."

"धाकट्याला हे माहीत होतं?"

"सांगितलं होतं. पण त्याचे मित्र हसायचे. म्हणायचे, तुझ्या भावानं गेंडा पाडलाय. तो मला म्हणाला, दादा, सरळ कर. मी म्हटलं, होणार नाही. शब्दानं शब्द वाढला. त्यानंतर आमचं बोलणं बंद होतं. ते बंदच राहिलं."

बाईंनी झाकण पालथं घातलं. आतल्या बाजूला लोखंडाच्या चुऱ्याचा काळा थर होता, करपलेल्या दुधासारखा घट्ट बसलेला. बेअरिंगचा भुगा झाला होता, तेव्हा चुरा असणारच. पण तो होता गेंड्याच्या पायांमागे.

"हा भाग तर वर होता," थोरला पुटपुटला. "चुरा वर कसा जाईल? की गाडी पडली तेव्हा..."

"गाडी कुशीवर पडली होती, टपावर नाही. आणि हा पडून साचलेला नाही, तापून चिकटलेला आहे. चालत्या गाडीत." बाईंनी सुरीच्या टोकानं थर खरवडून पाहिला. "एक्सल जळत होता तेव्हा गेंड्याचे पाय खाली होते."

थोरल्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं झाकण हातात घेऊन स्वतः फिरवून पाहिलं.

मग बाईंनी झाकण जिथे टेकतं ती एक्सलची कड पाहिली. तिथे तेल झिरपू नये म्हणून काहीतरी घालतात. सगळ्यात वर पुठ्ठ्याचं पॅकिंग होतं, कोरं, तेलाचा डागही नसलेलं, एका कडेला हिरवा रंग. त्याखाली खाचांमध्ये तशाच पुठ्ठ्याचे जुने कपटे, तेलात जळून तपकिरी झालेले. आणि त्याच्याही खाली लाल रबरासारखे तुकडे.

"यातलं तुमचं कोणतं?"

"लाल. ट्यूबमधलं सिलिकॉन. मी दुसरं काही वापरत नाही."

"म्हणजे तुमच्यानंतर झाकण दोनदा काढलं गेलं," बाई म्हणाल्या. "एकदा गाडी चालू असताना, आणि एकदा तिनं माणूस मारल्यानंतर."

३

झाकण जिथून आणलं होतं ते सुट्या भागांचं दुकान चौकापलीकडे होतं. लोखंड, रबर आणि ग्रीस यांचा वास, छताला टांगलेले बंपर. दुकानदार जाडजूड, बोलका, आणि बाईंना पाहताच घामेजलेला.

"मॅडम, माल अस्सल आहे. नकली माल मी दारात उभा करत नाही."

"मी मालाबद्दल कुठे विचारलं?"

खाई त्याला खवखवे, असं बाईंना वाटून गेलं. पण जरा खोदल्यावर कळलं की माणूस भलत्याच गोष्टीला भीत होता. अपघातानंतर तो ट्रक बघायला आवारात गेला होता, झाकणाला तडा गेलाय का ते पाहायला. तडा नव्हता. तो सुटकेचा श्वास टाकून परत आला, आणि त्या श्वासाची त्याला लाज वाटत होती. एका मेलेल्या माणसाच्या गाडीखाली वाकून आपण हुश्श केलं, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"ट्रकला हात लावलात?"

"नुसता वाकून पाहिला. आप्पा तिथंच होते, ठोकळ्यांजवळ. त्यांच्यासमोर हात कसा लावणार?"

"तेव्हा गेंडा कसा होता? उभा की उताणा?"

दुकानदारानं डोळे मिटून आठवलं. "उभा," तो म्हणाला, आणि मग त्याचे डोळे उघडले ते उघडेच राहिले. "अहो, मागच्या एक्सलला उभा! माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. मी तडा शोधत होतो."

"उभा बसवला तर काय होतं?"

"भोक खाली जातं. आणि या धंद्यात सगळ्यांचा नियम एकच, मॅडम. भोकातून ओघळायला लागेपर्यंत तेल भरायचं. ओघळलं की भरलं. मोजत कुणी नाही, आजवर कुणाला मोजावं लागलं नाही. भोक खाली असेल तर अर्धंमुर्धं तेलसुद्धा ओघळतं. भरणाऱ्याला वाटतं, झालं काम. पुढचं बेअरिंग मात्र तहानलेलंच राहतं. सपाटीवर निभावेल कदाचित. डोंगरात, वजन घेऊन..." त्यानं हात हवेत सोडून दिला. "मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, मागे उताणाच बसवा. सांगितलं की हसतात."

"या वेळी कोण कोण हसलं?"

"धाकटा हसला नाही, त्याला राग आला. आप्पा हसले. पोट धरून हसले."

४

घरात ताटल्यांचा आवाज येत होता. सूनबाई, म्हणजे धाकट्याची बायको, स्वयंपाकघरात नळाखाली भांडी घासत होती. चेहरा असा की रडून झालेलं आहे, आता नुसता राग उरलाय.

"मला काय विचारता? त्यांच्या भावाला विचारा."

"मी तुम्हाला गेंड्याबद्दल विचारणार आहे."

ती थांबली. अशा प्रश्नाची तिनं तयारी केली नव्हती. "गाडी मीच धुवायचे. गेंड्याचं नाकसुद्धा पुसायचे."

"तो उताणा होता?"

"आधी होता. मग यांना ताप आला, आठवडाभर अंथरुणात होते, गाडी उभीच होती. उठून बघतात तर गेंडा पायांवर उभा. किती खूश झाले सांगू. मला म्हणाले, दादानं ऐकलं बघ शेवटी. तोंडानं कबूल करणार नाही, पण ऐकलं. मी म्हटलं, मग जाऊन बोला की. तर म्हणाले, आता डोंगरावरून आलो की बोलतो."

इतकी वर्षं हे काम केल्यावरही काही वाक्यं ऐकताना कुठे बघावं हे बाईंना कळत नसे. त्यांनी नळाकडे पाहिलं. नळाच्या गळ्यातून पुठ्ठ्याची एक कड डोकावत होती.

"हे कुणी केलं?"

"आप्पांनी. पुठ्ठा दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. चिमुकली हातोडी घेऊन कडेकडेनं ठोकत बसतात, बरोब्बर आकार कापला जातो. रबरावर त्यांचा विश्वास नाही. माझ्या बुटांचं एवढं चांगलं खोकं होतं, हिरवं, मी कपडे ठेवायला जपून ठेवलेलं. आधी झाकण गेलं. मग परवा बघते तर तळही गेला." तिनं डोळे पुसले. "मी काही बोलले नाही. पोटचा पोर गेलेल्या माणसाला खोक्यावरून काय बोलायचं?"

मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं आणि ती ताडकन वळली. "म्हणजे भावजींनीच गेंडा फिरवला होता ना? त्यानंच घात झाला ना? नुसते बोल्ट नाहीत, सगळंच त्यांनी केलं?"

तिचा आवाज खिडकीबाहेर गेला. बाहेर थोरला उभा होता.

५

"मी नाही फिरवला," थोरला म्हणाला. तो दारात आला होता, पण उंबरा ओलांडत नव्हता. त्या घरातल्या कुठल्या खोलीत जायचा आपल्याला हक्क उरला आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. "सूनबाई, तुझ्या गळ्याची शपथ."

"माझ्या गळ्याची शपथ घेऊ नका!"

बाईंनी दोघांना आवारात चलायला सांगितलं. आप्पा कट्ट्यावरच होते. बाईंनी झाकण उचलून त्यांच्यासमोरच्या लाकडी पेटीवर ठेवलं, गेंडा वर करून. आप्पांनी नजर दुसरीकडे वळवली.

"या घरात हे झाकण फिरवू शकणारी माणसं तीन," बाई म्हणाल्या. "धाकटा तापानं पडला होता, आणि उठल्यावर त्याला आश्चर्य वाटलं. स्वतः केलेल्या गोष्टीचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. शिवाय दुसऱ्यांदा झाकण काढलं तेव्हा तो या जगात नव्हता. पॅकिंग दोन्ही वेळचं एकाच खोक्याचं आहे, एकाच हातानं ठोकून कापलेलं. म्हणजे ज्यानं आधी फिरवलं, त्यानंच नंतर परत फिरवलं."

"भावजी," सूनबाई म्हणाली. पण आता तिच्या आवाजात खात्री नव्हती.

"त्यांना कशाला परत फिरवायचं? उताणा गेंडा आणि ढिले बोल्ट, यात फास त्यांच्याच गळ्यात बसतो. स्वतःला वाचवायचं असतं तर त्यांनी निदान बोल्ट तरी आवळले असते. आणि ज्या माणसानं एवढं भांडण ओढवून घेतलं, पण गेंडा सरळ केला नाही, तो माणूस तेच काम चोरून कशाला करेल?" बाईंनी खिशातून हिरव्या कडेचा कपटा काढला. "सिलिकॉनच्या ट्यूबा यांच्या फळीवर रांगेनं आहेत. रबरावर विश्वास नसलेला माणूस इथे एकच आहे."

शेजारच्या आवारात कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"आप्पा?" थोरला म्हणाला.

६

"पोरगं हिरमुसलं होतं," आप्पा म्हणाले. कुणाकडे न बघता, हातांकडे बघत. "तापात बडबडायचं, लोक हसतात म्हणून. मला वाटलं, उठला की बघेल, खूश होईल. दोघांचं बोलणंही सुरू होईल. मी फिरवलं, पॅकिंग घातलं, ओघळेपर्यंत तेल भरलं. सारी उमर तसंच भरत आलो. कधी दगा झाला नाही."

"आणि नंतर?"

"ट्रक आवारात आणला त्याच दिवशी मी एक्सलला हात लावून बघितला. भोक कुठे आहे ते बघितलं. एवढी वर्षं चालवलेत मी, मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. माझ्या हातानं माझं पोर मेलं, बाई. हे मी कुणाला सांगू? हिला सांगू? जळकं तेल डब्यात काढलं, पॅकिंग नवं घातलं, झाकण होतं तसं केलं. बोल्ट आवळायला हातात जोर नव्हता."

जोर नव्हता की आवळायचेच नव्हते, हे बाईंनी विचारलं नाही. ते फक्त आप्पांना ठाऊक होतं, आणि कदाचित त्यांनाही नसेल.

सूनबाई मागे सरत भिंतीला टेकली. तिनं थोरल्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण चितेसमोर ती त्याला जे बोलली होती त्यानंतर बोलायला शब्द कुठून आणायचे, हे तिला सुचेना.

"रोज माझ्यासमोर बसून जेवत होतात तुम्ही," थोरला म्हणाला. तो ओरडत नव्हता. "माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. आणि तुम्ही म्हणत होतात, खा रे, झालं ते झालं. मी तुमचे पाय धरले आप्पा. माफी मागितली तुमची. आणि तुम्ही मला माफ केलंत!"

आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते खरं पाणी होतं. बाईंनी खोटं रडणं खूप पाहिलं होतं, त्यांना फरक कळायचा, आणि म्हणूनच त्यांना राग येऊनही नीट येईना. एका पोराच्या लाडापायी हा माणूस त्याला मारून बसला होता, आणि त्या दुःखात दुसऱ्याला जिवंत गाडत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही बापाच्या हातचा.

बाई थोरल्याला बाजूला घेऊन गेल्या. "ऐका. झाकण चुकीचं फिरवलं गेलं, तेल कमी पडलं, तुमचा दोष नाही, एवढं मी लिहिणारच. पण कुणी फिरवलं ते सिद्ध होत नाही, असंही लिहिता येतं मला. अशी मुभा मी कुणाला देत नाही. म्हातारा माणूस आहे. तुम्ही सांगाल तसं."

थोरल्यानं बराच वेळ एक्सलच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. आत दातेरी चाकं निळी पडली होती.

"नका लिहू नाव," तो शेवटी म्हणाला. "आपलेच दात, आपलेच ओठ. कुठे तुरुंगात घालणार त्यांना या वयात."

बाईंनी मान हलवली. तो परत कट्ट्यापाशी गेला, बापासमोर उकिडवा बसला. त्याला आता फक्त एकच गोष्ट हवी होती. एखादा शब्द, कसलाही.

"तुम्हाला सांगितलं होतं ना मी, आप्पा?" तो हळूच म्हणाला. "इथेच उभं राहून सांगितलं होतं. मागे उताणाच ठेवायचा म्हणून. तुम्ही हसलात."

आप्पांनी सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं.

"सांगितलं असशील," ते म्हणाले. "मग जरा जोरात सांगायचं होतंस. तुझं बोलणं कधी कुणाला ऐकू येतं का? तू तेव्हाच नीट ठासून सांगितलं असतंस, तर आज माझं पोर जिवंत असतं."

भिंतीपाशी सूनबाईनं तोंडावर हात दाबला.

थोरला उठला, गुडघ्यांवरची माती झटकली आणि बाईंकडे वळला. या वेळी त्याचा आवाज आवाराच्या पार टोकापर्यंत स्वच्छ ऐकू गेला.

"लिहा, बाई. त्यांचं नाव लिहा."